आठ इंचांची घाई नको

पुणे,
कार्तिक अमावास्या

चि. सोनू,

तुझे फोटो पोचले आणि पाठोपाठ दादाचा फोनही आला. फोटोंखाली तू एकच प्रश्न टाकला आहेस, “आत्या, आठ इंची घेऊ का?” दादाचाही प्रश्न तोच होता, फक्त सूर वेगळा. दोघांना मिळून एकच उत्तर देते: घेऊ नकोस. आहे ती १३० मिलिमीटरची दुर्बीण, आहे तो मोटर लावलेला माउंट आणि दादाचा जुना डीएसएलआर, एवढ्यावर मार्गशीर्ष, पौष आणि माघ काढ. आणि या तीन महिन्यांत एकाच गोष्टीचा फोटो काढ. मृगातला तेजोमेघ, एम ४२. दुसरं काही नाही.

तोंड वाकडं केलं असशील, तर आधी हिशेब ऐक. आठ इंची न्यूटोनियन दुर्बिणीची नळीच आठ-दहा किलोंची असते. तुझा माउंट त्याच्या निम्म्या वजनाला धापा टाकतो. त्यावर ती नळी, वर कॅमेरा, शोधक दुर्बीण, एवढं चढवलंस तर नागपूरच्या गच्चीवरची साधी झुळूकसुद्धा प्रत्येक ताऱ्याची रेघ करून ठेवेल. मग माउंट बदलायची वेळ येईल आणि तो नळीहून महाग निघेल. नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं तर गोष्ट निराळी. तिथे आरसा जितका मोठा तितका आनंद मोठा. फोटोसाठी मात्र पैसे आधी माउंटवर घालायचे आणि उरले तर नळीवर. दुकानदार हे उलट्या क्रमाने सांगतात, कारण नळी शोकेसमध्ये छान दिसते.

आता तुझ्या फोटोंकडे वळते. एका रात्रीत तू मृग, कृत्तिका, देवयानी दीर्घिका, खेकडा तेजोमेघ आणि वर एम ३३ एवढं सगळं फिरून आलास. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं आली. नव्या माणसाचं हे असंच होतं, त्यात गैर काही नाही. पण बिघडलं काय आणि कशामुळे, हे अशाने कळत नाही, कारण दर वेळी विषय वेगळा, दिशा वेगळी, उंची वेगळी. मी सगळे फोटो शंभर टक्क्यांवर मोठे करून पाहिले. तू मोबाईलवर पाहत असलास तर तो नाद सोड. तिथे सगळंच गोड दिसतं.

मृगाच्या फोटोंत प्रत्येक तारा छोट्या रेघेसारखा आहे. सगळ्या रेघा एकाच दिशेला, सगळ्या जवळपास एकाच लांबीच्या, आणि एकूण एक फ्रेममध्ये तशाच. म्हणजे हा वारा नव्हे, धक्का नव्हे. माउंट आकाशाबरोबर नीट फिरत नाहीये. आता रेघ पूर्व-पश्चिम आहे की उत्तर-दक्षिण, यावर दोष कुठला ते ठरतं. ते ओळखायची सोपी युक्ती आहे. तीस सेकंदांचं एक्स्पोजर लाव आणि त्यातली शेवटची चार-पाच सेकंदं मोटर बंद कर. ताऱ्याला एक लांब शेपूट फुटेल, ती पूर्व-पश्चिम. तुझी नेहमीची रेघ तिला समांतर असेल तर मोटरचा वेग किंवा दात्यांचा दोष, आणि काटकोनात असेल तर माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट लावलेला नाही. मला दुसरीच शंका जास्त आहे.

दोन फ्रेममध्ये मात्र तारे आठाच्या आकड्यासारखे जोडीने आलेत. तिथे तू बोटाने शटर दाबलं आहेस. रिमोट घे, तो स्वस्त मिळतो. तोवर कॅमेऱ्याचा दोन सेकंदांचा टायमर लाव. आणि कडेच्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूला शेपट्या आहेत, त्याने घाबरू नकोस. एफ ५ च्या आरशाचा तो जातिस्वभाव आहे, त्याला कोमा म्हणतात. तो घालवणारं भिंग मिळतं, पण ते या वर्षी नको. कडा कापून टाक, मृगाचा मेघ मधोमध असतो.

कृत्तिकांच्या फोटोने मला खरी गोम सांगितली. त्यात पुंजका अर्धाच मावला आहे आणि तोही अंधुक. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला तुझा कॅमेरा जोडला तर चौकट सुमारे दोन अंश रुंद आणि सव्वा अंश उंच येते. म्हणजे आडवे चार पूर्णचंद्र मावावेत. कृत्तिका त्यात ओढूनताणून बसायला हव्यात. तुझी चौकट बरोबर निम्मी आहे. म्हणजे तू मध्ये बार्लो भिंग घातलं आहेस, आणि का घातलं आहेस तेही ओळखते: त्याच्याशिवाय कॅमेरा फोकसच होत नाही.

दोष तुझा नाही. नेत्रिकेतून बघण्यासाठी बांधलेल्या बऱ्याच छोट्या न्यूटोनियन दुर्बिणींत प्रतिमा जिथे पडते ती जागा फोकसरच्या तोंडापासून फार बाहेर नसते. डीएसएलआरचा सेन्सर मात्र कॅमेऱ्याच्या पोटात चार-साडेचार सेंटिमीटर आत बसलेला असतो. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी सेन्सर त्या जागेपर्यंत पोचत नाही. बार्लो ती जागा बाहेर ढकलतं, म्हणून फोकस होतो. पण त्याची किंमत जबर आहे. नाभीय अंतर दुप्पट, चौकट निम्मी, आणि एफ ५ ची दुर्बीण एफ १० ची होते. जो उजेड सेन्सरवर एका मिनिटात पडला असता, त्याला आता चार मिनिटं लागतात. त्यात माउंटची प्रत्येक चूक दुप्पट मोठी दिसते. तुझी निम्मी दुखणी या एका भिंगात आहेत.

उपाय एका दुपारचा आहे. मागच्या झाकणातले मुख्य आरसा धरणारे स्क्रू काढून त्या जागी लांब स्क्रू आणि थोड्या कडक स्प्रिंगा घाल आणि आरसा दोन-अडीच सेंटिमीटर पुढे सरकव. प्रतिमा तितकीच बाहेर येते. स्क्रू कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. मापासाठी जुना स्क्रू बरोबर ने. आरशाच्या चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही आणि धूळ दिसली तर पुसायचं नाही. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, फडक्याने मात्र कायमचे ओरखडे पडतात. नंतर दोन्ही आरशांची मांडणी जुळवून घे. हे जमेपर्यंत बाकीचं वाचू नकोस, असं म्हणणार होते, पण तू वाचणारच.

अक्ष लावण्याबद्दल. तू वाचतोस ती पुस्तकं पाश्चात्त्य लेखकांची. त्यांच्याकडे ध्रुवतारा ४०-५० अंश वर, स्वच्छ आकाशात लटकलेला असतो. नागपुरातून तो क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर आहे, धुरकट पट्ट्यात, आणि तुमच्या गच्चीवरून तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. शिवाय ध्रुवतारा म्हणजे नेमका ध्रुव नव्हे. तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकलेला आहे. तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नकोस. ट्रायपॉड पाणसळीत आण, माउंटच्या अक्षांशाच्या पट्टीवर २१ लाव, अक्ष अंदाजे उत्तरेला कर. मोबाईलमधलं होकायंत्र माउंटच्या लोखंडाजवळ भलतंच दाखवतं, ते चार पावलं दूर जाऊन वापर.

मग मृगाचीच मदत घे. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेचा, म्हणजे सर्वांत आधी उगवणारा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो पूर्वेला चांगला हातभर वर आला की कॅमेऱ्याच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून रेघांच्या जाळीवर ठेव आणि मोटर चालू करून पाच मिनिटं नुसता बघत बस. पूर्व-पश्चिम सरकला तर दुर्लक्ष कर. उत्तरेकडे सरकला तर अक्ष जास्त वर झालाय, दक्षिणेकडे सरकला तर खाली. स्क्रू किंचित फिरव, पुन्हा बघ. तोच तारा मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणोत्तर रेषेवर आला की हेच पुन्हा. आता उत्तरेकडे सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पश्चिमेला गेलाय, तो जरा पूर्वेला वळव. दक्षिणेकडे सरकला तर उलटं. पहिल्या वेळी सगळी रात्र यातच जाईल. जाऊ दे. त्या रात्री फोटो काढायचाच नाही असं ठरवूनच वर जा, म्हणजे चिडचिड होणार नाही. आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय गच्चीवर जिथे टेकले तिथे ऑइलपेंटने खुणा कर. दुसऱ्या वेळी अर्धं काम झालेलं असेल. वहिनीला आधी विचार.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आकाश दर सेकंदाला १५ विकला (आर्कसेकंद) फिरतं आणि तुझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल या दुर्बिणीवर जेमतेम १.४ विकलांचा तुकडा बघतो. मोटर बंद असेल तर तारा एका सेकंदात अकरा पिक्सेल पळतो. मोठ्या आरशाने हा आकडा सुधारत नाही. आठ इंचीचं नाभीय अंतर जास्त, म्हणजे तो आणखी बिघडतो.

फोकस मात्र डोळ्यांच्या अंदाजाने कधीच करू नकोस. बाख्तिनोव नावाच्या रशियन हौशी माणसाने काढलेली एक जाळी आहे: पुठ्ठ्यावर तीन दिशांना चिरा पाडलेली चकती. तिचा आराखडा बनवणारी साधनं फुकट मिळतात. छापून जाड पुठ्ठ्यावर कापून घे. ती नळीच्या तोंडावर बसव आणि दुर्बीण राजन्यावर लाव. मृगाचा तो निळसर-पांढरा तारा मेघापासून लांब नाही. स्क्रीनवर ताऱ्यातून तीन रेघा फुटलेल्या दिसतील. दोन रेघांची फुली असते आणि तिसरी मधून जाते. फोकसरची चकती नखाएवढी फिरवलीस तरी मधली रेघ फुलीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकते. ती नेमकी मधोमध आली की फोकसर आवळ आणि मग पुन्हा बघ, कारण आवळताना रेघ हमखास हलते. जाळी काढायला विसरू नकोस. थंडी वाढेल तशी नळी आकसते, तेव्हा दर तासाला हे पुन्हा करायचं. दुर्बीणही तासभर आधी गच्चीवर नेऊन ठेव; आरसा गार झाल्याशिवाय तारा शांत बसत नाही.

एक्स्पोजरचा तुझा घोळ त्यामानाने लहान. फोटो रॉमध्येच काढ. आयएसओ ८०० किंवा १६००, त्याच्या वर जाऊन काही हाती लागत नाही. वेळ ३० सेकंद. अक्ष नीट लागला की ६०. हिस्टोग्रामचा डोंगर डावीकडच्या भिंतीला चिकटलेला नसावा, एवढंच पाहायचं. मेघाच्या गाभ्यात चार ताऱ्यांचा एक चौकोन आहे, तो ३० सेकंदांतच जळून पांढरा होतो. त्याच्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या वीसेक फ्रेम वेगळ्या काढ आणि नंतर जोड.

खरा प्रश्न एका फ्रेमच्या लांबीचा नाहीच. एकूण वेळ किती, याचा आहे. एसटी स्टँडच्या गलबल्यात एकच घोषणा पुन्हा पुन्हा होत राहिली तर तिसऱ्या-चौथ्यांदा शब्द लागतात. मेघाचा उजेड प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो, खरखर मात्र दर वेळी वेगळी. फ्रेम एकावर एक रचल्या की उजेड ठरल्या दराने वाढतो आणि खरखर त्याच्या वर्गमुळाने. म्हणजे खरखर निम्मी करायची तर फ्रेम चौपट हव्यात. दहा मिनिटांचे चाळीस केलेस तर लगेच फरक दिसेल. चाळीस मिनिटांचे एकशेसाठ केलेस तर तेवढाच फरक आणखी एकदा. आता कळलं, एकच विषय घे असं का म्हणते? आज काढलेल्या फ्रेम पौषातल्या फ्रेमवर रचता येतात. मेघ कुठे जात नाही. तीन महिन्यांत दहा तासांचा उजेड साठवलास तर तुझी १३० मिलिमीटरची दुर्बीण घाईने वापरलेल्या आठ इंचीला सहज मागे टाकेल.

मृगाच्या मेघाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी काढला. ते पेशाने डॉक्टर होते. ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटांचं एकच एक्स्पोजर, काचेच्या पट्टीवर. तो फोटो आज कुणी पाठवला तर तूच त्याला चार दोष काढून दाखवशील. ड्रेपर तिथे थांबले नाहीत. १८८२ मध्ये त्याच मेघाला त्यांनी दोन तासांहून जास्त वेळ दिला. पुढच्या वर्षी लंडनजवळ अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने ३६ इंची आरशाने काढलेल्या फोटोत त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसलेले तारे उमटले. आणि आपल्या पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या वेधशाळेत कावसजी नायगमवाला याच मेघाच्या वर्णपटाचा अभ्यास करत होते. १८८८ साली सुरू झालेली ती वेधशाळा भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या नावाची होती. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. या सगळ्यांचे विषय अनेक होते, पण मृगाकडे ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

फोटो कुठून काढायचा, हा पुढचा प्रश्न. सराव गच्चीवरूनच कर. अक्ष, फोकस, जोडाजोड, केबलींचा गुंता हे सगळं घरीच हाताखालून जाऊ दे. पण मेघाच्या कडेचे पुसट पदर गच्चीवरून मिळणार नाहीत, आणि शहराचा उजेड गाळणारं फिल्टर घेऊन फार फरक पडेल असंही समजू नकोस. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांना ते आवरायचं; आताच्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. शहरातलं आकाश रानातल्यापेक्षा वीसपट उजळ असेल, तर पुसट भागाचा तोच परिणाम मिळवायला वीसपट वेळ लागतो. रानातली एक रात्र ही शहरातल्या अख्ख्या हंगामाला भारी पडते, ती अशी.

आणि तू नशीबवान आहेस. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, देशात पहिल्यांदा. आम्ही पुण्याहून अंधार शोधत दूरदूर जातो. तुझ्या तर तो दारात आहे. अर्थात ते वाघांचं रान आहे. वन विभागाला आधी विचारून, ते सांगतील त्याच जागी आणि त्याच वेळी. रस्त्याकडेला ट्रायपॉड मांडून बसायचं नाही. दादाच्या वतीनेही हे लिहिते आहे.

भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढ आणि वद्य अष्टमीपासून शुद्ध पंचमीपर्यंतचे दिवस खुणेने रंगव. वद्य अष्टमीपासून चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, शुद्ध पंचमीला रात्री दहाच्या आसपास मावळतो. ते कामाचे दिवस. मेघ डिसेंबरच्या मध्यावर रात्री सव्वाबाराच्या सुमारास दक्षिणोत्तर रेषेवर येतो, जानेवारीच्या मध्यावर दहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यावर आठाला. तेव्हा तो तुमच्याकडून ६३ अंश वर असतो. त्याच्या दोन-दोन तास अलीकडे-पलीकडे काढ. खाली उतरला की हवेचा थर जाड होतो. तुमची थंडीही उपयोगाची आहे. सेन्सरची स्वतःची उष्णता फोटोत ठिपके पाडते, आणि दर सहा-सात अंशांना ती जवळपास दुप्पट होते. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरून फोटो काढायचा विचारही करू नकोस.

त्या ठिपक्यांसाठी डार्क फ्रेम. आवराआवर करताना झाकण लावून, तोच आयएसओ आणि तेवढाच वेळ ठेवून वीस फ्रेम काढ. घरी येऊन, रजईत बसून काढायच्या नाहीत; तापमान तेच हवं. फ्लॅट फ्रेम मात्र लोक टाळतात आणि मग फोटोतल्या काळ्या कोपऱ्यांशी आणि धुळीच्या वर्तुळांशी तासन्‌तास झुंजतात. पहाट फुटली की नळीच्या तोंडावर दादाचं जुनं पांढरं धोतर दुहेरी ताणून बांध आणि उजळलेल्या आकाशाच्या वीस फ्रेम घे. तोवर कॅमेरा फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही. फ्रेम रचण्यासाठी डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल घे. दोन्ही मोफत आहेत आणि तुझ्या कामाला पुरून उरतात.

रचून झालं की पडद्यावर जवळजवळ काळं चित्र येईल. पुष्कळ नवी मंडळी इथेच हात टेकतात. उजेड सगळा त्यात आहे, फक्त डाव्या कोपऱ्यात दबलेला. तो हळूहळू वर खेच, एका झटक्यात नको. पार्श्वभूमी कोळशासारखी काळी करायचा मोह होईल. तसं केलंस की मेघाचे पुसट पदर काळ्यात बुडतात आणि दहा तास वाया जातात. आकाश गडद राखाडीच ठेव. मेघ गुलाबी येतो, लाल का नाही, असं विचारलं होतंस. हायड्रोजनचा लाल उजेड ६५६ नॅनोमीटरचा. साध्या कॅमेऱ्यातली सेन्सरपुढची काच त्यातला बराचसा अडवते. ती काढून घेणारे लोक आहेत, पण दादाच्या कॅमेऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावू नकोस. गुलाबी असू दे.

एका गोष्टीत मात्र माझं मत कडक आहे. खरखर पुसणारी, ताऱ्यांना धार लावणारी नवी सॉफ्टवेअर वापरायची तर वापर, पण कच्च्या रचलेल्या चित्रात जी रेषा नाही ती शेवटच्या चित्रात उगवली, तर ती मृगातली नव्हे, संगणकातली. ती पुसून टाक. हबलच्या फोटोशेजारी आपला ठेवून खंतावण्यातही अर्थ नाही. तो आरसा २.४ मीटरचा आणि हवेच्या वर आहे. तुलना करायचीच तर आपल्याच मार्गशीर्षातल्या फोटोची आपल्याच माघातल्याशी कर.

एकट्याने धडपडू नकोस. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं. सुट्टीत इकडे आलास तर एक अमावास्या धरून ये. जाणत्या माणसाशेजारी एक रात्र उभं राहिलं की ही चार पानं वाचायची गरज उरत नाही. आणि कॅमेरा जोडण्याआधी दर वेळी पाच मिनिटं नेत्रिकेतून मेघ बघ. हिरवट-राखाडी दिसेल, रंग दिसणार नाही, पण तो तुझ्या स्वतःच्या डोळ्यांत आलेला उजेड आहे. कधी वहिनीलाही दाखव. रात्री-अपरात्री गच्चीवर काय चालतं ते तिला कळेल.

पुढच्या वेळी जेपीईजी पाठवू नकोस. बार्लो काढल्यानंतरची एक रॉ फ्रेम, मोटर थांबवून काढलेली ती शेपटीवाली एक फ्रेम आणि एक फ्लॅट, एवढं पाठव. बाकीचं मी त्यावरून सांगेन. आठ इंचीचं माघ अमावास्येनंतर बोलू. तोवर दादाला मी सांभाळते.

तुझी
आत्या

ता. क. आरसा पुढे सरकवशील त्या दिवशी दुर्बीण उन्हात उघडी ठेवू नकोस, आणि ती सूर्याच्या दिशेला वळलेली असताना शोधक दुर्बिणीतूनही डोकावू नकोस. १३० मिलिमीटरच्या आरशाने गोळा केलेलं ऊन डोळा क्षणात जाळतं, आणि शोधक दुर्बिणीतलं ऊनही डोळ्याला पुरेसं असतं. तिचं झाकण दिवसा लावलेलंच असू दे.